हसऱ्या चेहऱ्यावर बोट

"खारूताई, खरं सांगायचं हं! कुठला चेहरा?"

नव्या सिस्टरनं गळ्यातलं, दुखणं किती ते दाखवायचं कार्ड पलंगावर टेकवलं. डावीकडे हसरा चेहरा, मग एकेकाचं तोंड पडत जातं आणि उजव्या टोकाला थेट भोकाड. कालच ट्रेनिंग संपलेलं, अंगात नुसता उत्साह! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, ऑपरेशननंतर मूल गप्प आहे म्हणजे दुखत नाही असं नाही. आधी विचारा, आणि मूल सांगेल तेच खरं.

पोटाचं ऑपरेशन झालेल्या, पुढच्या दोन मोठ्या दातांमुळे खारूताई झालेल्या त्या पोरीनं भोकाडावर बोट ठेवलं.

"शाब्बास! आता बघ कसं पळवते तुझं दुखणं!"

आणि धावली ना ती! पण जोरदार औषध कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली डॉक्टरांकडे आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरात. आतून निरोप आला, साधं सिरप दिलंय ना, मग पुरे.

"इन्चार्जबाई, तुम्ही तरी बोला ना त्यांच्याशी!"

"नव्याचे नऊ दिवस, पोरी," वॉर्डच्या जुन्या इन्चार्जबाई सलाईन बदलत म्हणाल्या. "कशाला तोंडाची वाफ दवडू?"

ती रिकाम्या हातानं परत आली. उशी सरकवली, माकडाची गोष्ट सांगितली, पुन्हा विचारलं. पुन्हा भोकाड. पुन्हा धावपळ, पुन्हा तेच उत्तर. शेवटी पोरीच्या आईनंच हात जोडले.

"सिस्टर, नका हो विचारू सारखं. तुम्ही विचारलं की तिला वाटतं, आता औषध येणार."

तरी ड्यूटी संपताना सिस्टरला राहवेना, तिनं कार्ड पुढे केलंच. खारूताईनं कार्डाकडे बघितलंच नाही, सिस्टरच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच हसऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या मुठीत चादर पिळवटलेली.

"जा तुम्ही घरी," ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर आलेच. "वा, हसरा! मग उगाच कशाला गाव गोळा करत होतात?"

"सर, ती खोटं बोलतेय!"

"अहो, ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं? मूल सांगेल तेच खरं ना?" आणि ते पुढच्या पलंगाकडे गेलेसुद्धा.

ड्यूटीरूममध्ये तिनं कार्ड गळ्यातून काढलं, टेबलाचा खण ओढला. आत आधीच एक कार्ड होतं, कडा पिवळ्या पडलेलं, मागे इन्चार्जबाईंचं नाव. त्यावरचा हसरा चेहरा अजून चकचकीत होता. भोकाड तेवढं इवली इवली बोटं लागून पार पुसून गेलं होतं.