कोरडा नॅपकिन

व्यंकटराव मासे पकडत, पण मासा हातात धरत नसत. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरात चातुर्मासात कांद्यालासुद्धा मज्जाव, तिथं माशाची काय कथा. पण निवृत्तीनंतर ते घरी बसून दमयंतीबाईंच्या प्रत्येक भाजीत नाक खुपसू लागले, तेव्हा ऑफिसातल्या राजेंद्रांनी त्यांना पडेगावच्या पुढच्या पाझर तलावावर नेलं आणि हातात गळाची काठी दिली. पहिल्याच दिवशी दोरी ताणली गेली आणि हा साठीचा गृहस्थ पार खुळावला.

खायचा नाही तर पकडायचा कशाला, असं दमयंतीबाईंनी विचारलं होतं. शेवटी तह झाला. पकडलेला प्रत्येक मासा जिवंत सोडायचा. एक जरी मेला, तरी काठी भंगारात. तह झाल्यावर मात्र बाई गळाला लावायला हिंग घालून कणीकही मळून देऊ लागल्या.

कामाची वाटणी व्यंकटरावांच्या सोयीची होती. त्यांनी ओढायचं आणि राजेंद्रांनी गळ काढून सोडायचं. राजेंद्रांनी गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकला होता, म्हणजे तो अलगद निघे. आधी हात ओले करावेत, कल्ल्यांत बोटं घालू नयेत, मासा होईल तितका पाण्यातच ठेवावा, हे ते दर रविवारी ऐकवत. व्यंकटराव लांबूनच मान डोलवत.

एका रविवारी राजेंद्रांच्या छावणीतल्या घरी पाहुणे आले. मग व्यंकटराव दमयंतीबाईंनाच घेऊन निघाले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सतरंजी असा सगळा सरंजाम होता आणि काठी आपली शोभेला. नेमका त्याच दिवशी कटला लागला, चांगला मांजराएवढा.

मासा काठाशी आला आणि व्यंकटरावांना घाम फुटला. आता धरणार कोण? बाईंनी डब्यावरचा स्वच्छ, कोरडा, इस्त्रीचा नॅपकिन पुढं केला. धरणंही झालं आणि शिवणंही टळलं. दोघांना ही युक्ती भलतीच आवडली. व्यंकटरावांनी मासा नॅपकिनात घट्ट गुंडाळून मातीवर घेतला. गळ लगेच निघाला. तेवढ्यात बाईंना वाटलं, राजेंद्रांना दाखवायला फोटो हवा. त्यांनी चष्मा शोधला, फोन शोधला, पहिला फोटो स्वतःच्याच हनुवटीचा काढला. एवढं सगळं होईतो मासा बिचारा बाहेरच होता.

पाण्यात सोडला तर तो कुशीवर कलंडला. नॅपकिनाला सगळी बुळबुळ आणि दोन-चार खवले चिकटले होते. ती बुळबुळच माशाला रोगापासून वाचवते, कोरड्या फडक्यानं पुसली जाते, हेही राजेंद्रांनी सांगितलेलं होतं.

व्यंकटराव चपलांसकट पाण्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मासा उघड्या हातांनी धरला, पोटाखालून, हलकेच, सरळ. काठीचा विचार त्यांच्या मनात नव्हता. हातातला जीव निसटू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. कल्ले जेमतेम हलत होते. कंबर भरून आली तरी ते वाकूनच राहिले. हळूहळू कल्ले नीट उघडमीट करू लागले. मग शेपटी हलली, त्यांच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

"गेला का?" काठावरून बाईंनी विचारलं.

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. "गेला," ते म्हणाले, "पण जगेल का, ते नाही सांगता येत. चूक माझी झाली. काठी भंगारवाल्याला देऊन टाक."

"नॅपकिन मी दिला होता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सतरंजी पाण्याकडं तोंड करून अंथरली.

दोघं दशम्या खात पाण्यावर नजर लावून बसली. मध्येच काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं आणि दोघं एकदम उठली. पाण्याची रिकामी बाटली होती. ऊन लांब दिसणाऱ्या किल्ल्याकडं कललं तरी दुसरं काही वर आलं नाही.

निघताना बाईंनी तो नॅपकिन पिशवीच्या तळाशी कोंबला आणि उरलेली हिंगाची कणीक डब्यात नीट झाकून ठेवली. स्कूटरवर मागं बसल्यावर त्यांना नवऱ्याच्या हातांचा वास आला. त्यांनी पदर नाकाला लावला.

"पुढच्या रविवारी आधी हात ओले करा," त्या पदराआडून म्हणाल्या. "फोटो मी काढणार नाही."