राजा एक घर पुढे

तोफखाना हॉलमध्ये शिरला की लोक उठून उभे राहत, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडे. बाई दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या किडलेल्या दाढा कोरायच्या आणि सुट्टी मिळाली की बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळायच्या, असा त्यांचा क्रम. दाढ कोरताना कुणी टाळ्या वाजवत नाही, तरी दाढ बरी होते. त्यामुळे टाळ्यांसाठी खेळणाऱ्या माणसाबद्दल त्यांना काडीचाही आदर नव्हता.

तोफखाना हे अर्थात टोपणनाव. साठी उलटलेला मास्टर, भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. मोहरा असा आपटायचा की शेजारच्या पटावरची प्यादीसुद्धा हलावीत. समोरच्याच्या राजावर चाल करून जायचं आणि त्यापायी उंट, घोडा, जमलंच तर वजीरही बळी द्यायचा, एवढी एकच कला त्याला येत होती. दहापैकी सहा वेळा समोरचा घाबरून चुकायचा आणि हा जिंकायचा. उरलेले चार डाव तो कुणाला दाखवत नसे.

त्याचा सगळ्यात गाजलेला डाव एकतीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यात मेलेला राजा बाईंच्या वडिलांचा.

वडील तेव्हा टपाल कचेरीत कारकून होते. तोफखान्याने त्यांच्या राजासमोरच्या प्याद्यावर उंट झोकून दिला. वडिलांनी राजाने उंट मारला. लगेच घोडा उडी मारून आला आणि शह बसला. वडिलांनी राजा मागे कोपऱ्याकडे नेला, आणि तिथेच तो संपला. शेवटच्या दोन चाली उरल्या तेव्हा वडिलांनी डाव सोडला नाही. सुंदर हल्ल्याला मात पटावरच देऊ द्यायची, असा खेळाडूंमध्ये एक रिवाज आहे. वडिलांनी तो पाळला, मात होऊ दिली आणि उठून हात मिळवला. हॉल टाळ्यांनी दणाणला. तेव्हापासून तो डाव प्रत्येक पुस्तकात छापला जातो, आणि या स्पर्धेच्या फलकावर तर दरवर्षी झळकतो.

दरवर्षी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडून वडिलांनाही बोलावणं येई. ते इस्त्रीचा कोट घालून, छातीला पाहुण्याचा बिल्ला लावून पहिल्या रांगेत बसत. नवे खेळाडू येऊन विचारत, "त्या डावातले काका तुम्हीच ना?" वडील मान डोलावत आणि वहीवर सही देत. बाईंना ते बघवत नसे. हरलेल्या माणसाला असं शोभेसाठी मांडून ठेवायचं, याला काही लाजलज्जा?

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक पेशंट आलाच नाही, तेव्हा बाईंनी रिकाम्या वेळात तो डाव मांडला होता. घोड्याच्या शहानंतर राजा मागे न नेता एक घर पुढे नेला तर? दिसायला शुद्ध वेडेपणा. राजा उघड्यावर येतो. पण बाई चिवटपणे एकेक शह तपासत गेल्या, आणि राजा वाचला. नुसता वाचला नाही, उंट पदरात ठेवून वाचला. म्हणजे एकतीस वर्षं गाजलेला तो बळी साफ पोकळ होता! बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. वडिलांना मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

आणि आज शेवटच्या फेरीत समोर तोफखानाच आला.

"बरोबरी घे," सकाळी वडील म्हणाले होते. "अर्धा गुण पुरे आहे. मास्टरचा किताब मिळेल. उगाच त्या माणसाच्या नादी लागू नकोस."

"बघू," बाई म्हणाल्या. वडील अजून त्याला घाबरतात, असं त्यांना वाटलं.

बाई तोच डाव खेळत गेल्या, एकेक चाल तीच. बाराव्या चालीला हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तोफखान्याने मफलर सारखा केला आणि हळूच विचारलं, "बाई, हे मुद्दाम?"

"तुमचा आवडता डाव ना?"

तो पाऊण तास विचार करत बसला. त्याला काहीतरी वास आला असणार. साधी चाल खेळून तो सुखरूप सुटला असता. पण मागे माणसं खुर्च्यांवर चढून उभी होती, आणि इथून परतला तर तो तोफखाना कसला? त्याने उंट उचलला आणि आपटला. टाळ्या वाजल्या. पंचाला शांत राहा म्हणून हात वर करावा लागला.

बाईंनी राजाने उंट मारला. घोड्याचा शह आला. बाईंनी राजा एक घर पुढे सरकवला.

भिंतीवरच्या मोठ्या पटावर मोहरे टांगणाऱ्या शिपायाने सवयीने राजा कोपऱ्यातच टांगला. पंचाने उठून तो दुरुस्त करायला लावला, तेव्हा कुठे हॉलला कळलं.

पुढचा तमाशा बघण्यासारखा होता. तोफखान्याने शहावर शह दिले, एक हत्ती फेकला, मग घोडाही. बाईंचा राजा संथपणे पटाच्या मध्यापर्यंत चालत गेला. तोफखान्याच्या कानशिलावरून घाम ओघळला, मफलर गळून खुर्चीखाली पडला. बाईंना त्याची दया आली नाही. हाच का तो? एक खोटा हल्ला विकून एकतीस वर्षं मोठेपणा मिरवणारा? तिसाव्या चालीला त्याने हार मान्य करून घड्याळ थांबवलं, कागदावर सही केली आणि हात न मिळवता निघून गेला.

बाई थेट पहिल्या रांगेकडे आल्या. वडिलांभोवती नेहमीचा घोळका होता. पण वह्या घेतलेले हात आता बाईंकडे वळले. तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसबाई हसतहसत पुढे आल्या.

"अहो काका, म्हणजे तुम्ही उगाचच हरलात की! एक घर पुढे गेला असतात तर?"

सगळे हसले. वडीलही हसले. "हो," ते म्हणाले, "उगाचच."

ते बिल्ला काढून खिशात ठेवू लागले. पिन काही लवकर निघेना, आणि मदतीला कुणीही पुढे झालं नाही. बाईंनी काढून दिली.

दोघं बाहेर पायऱ्यांवर आली.

"बाबा, मी तुमच्यासाठी खेळले. त्याचं पितळ उघडं पाडायचं होतं मला."

"माहीत आहे गं."

"मग तोंड का पाडलंत?"

वडील एक पायरी उतरून थांबले. "ती चाल मला त्याच संध्याकाळी सापडली होती. घरी जाऊन पट मांडला, आणि पहिल्या फटक्यात दिसली."

"आणि तुम्ही गप्प बसलात? त्या थापाड्याला इतकी वर्षं मिरवू दिलंत? लाज नाही वाटली?"

त्यांना खरोखरच किळस आली होती. तोफखान्यासाठी जपून ठेवलेली सगळी तुच्छता आता या म्हाताऱ्याच्या इस्त्रीच्या कोटावर येऊन ठेपली होती, आणि ती तिथून हटेना.

"सुरुवातीला वाटली. मग लोक ओळखायला लागले." वडील शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं खेळलो मी. बऱ्यापैकी खेळायचो. जिंकलोही पुष्कळ. तुला तर मोठमोठ्यांचे डाव पहिल्या चालीपासून तोंडपाठ असतात. माझा दुसरा कुठला डाव आठवतो तुला? एखादा सांग."

डॉक्टरीणबाईंनी आठवून पाहिलं. वडील वाट बघत उभे राहिले. बाईंना एकही आठवला नाही.