फ्रेमवाल्याच्या खिशातली मशीन

मी एक जुनी कानाची मशीन आहे आणि मला सूड घ्यायचा होता. मित्रांनो, दचकू नका. काड्यापेटीएवढी डबी, एक वायर आणि कानात घालायचं बोंड, एवढाच माझा देह. एवढ्याशा देहाने कोणाचं काय वाकडं करणार, असं मलाही वाटायचं.

माझे मालक फोटोंच्या फ्रेमा बनवायचे. काच कापायचा हिरा काचेवर फिरवताना कर्र असा आवाज सलग आला, तरच काच सरळ तुटते. तो आवाज त्यांना मी पोहोचवायचे. काच नीट तुटली की ते मला थोपटायचे. माणूस इतका मऊ, की खिळा ठोकतानाही चेहऱ्यावर "लागलं का?" असा भाव.

रोज त्यांचे थोरले भाऊ चहाला यायचे. ते दिसले की मालक खिशात हात घालून माझं आवाजाचं चाक फिरवल्यासारखं करायचे. भावाला वाटायचं, मशीन बंद झाली. मग तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा बैल! काहीही बोला, हसतोच." मालक हसायचे. मी चालूच असायचे.

"बाबा, खरंच बंद का नाही करत?" मुलीने एकदा विचारलं.

"अगं, मग काच कशी कापू? आणि दादाचं दुसरं ऐकतं कोण?"

एका दुपारी मालक काम करता करता स्टुलावर बसले, ते उठलेच नाहीत. दुकान मायलेकी चालवू लागल्या. मी फळीवर धूळ खात पडले. थोरल्याचेही कान गेले होते, पण कबूल कोण करतो? त्याने मला गुपचूप उचलून खिशात टाकलं आणि वायर मफलरखाली लपवली. मित्रांनो, शत्रू स्वतःच्या हाताने मला कानात घालत होता!

"उद्यापासून दुकान बंद," तो गल्ल्यावरची किल्ली उचलत म्हणाला. "बहिरा होता बिचारा. सगळं मीच सांभाळलं."

त्याला ऐकू जात नाही, या भरवशावर मालकीणबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "बघ, अजून बहिराच म्हणतायत."

"आई, बाबा मशीन कधी बंद करायचेच नाहीत. शब्द न् शब्द ऐकायचे."

"माहितीये. पहिल्यांदा 'बैल' ऐकलं, त्या दिवशी जेवले नव्हते."

थोरल्याचा हात खिशात आला. चाक फिरेना. इतक्या वर्षांचा गंज मी सगळ्या ताकदीने घट्ट धरून ठेवला होता.

"मोठ्या काकांना सांगून टाकू?"

"नको गं. हे म्हणायचे, दादाला सोसणार नाही."

मफलरखालचा कान लालभडक झाला. त्याने किल्ली गल्ल्यावर परत ठेवली.

"भाऊजी, काय झालं?" मालकीणबाई मोठ्याने ओरडल्या.

"कुलूप... कुलूप बिघडलंय. राहू दे दुकान उघडंच."

चहा न घेताच तो गेला.

मित्रांनो, मशीनला घामापासून जपा, बोंडातला मळ पुसा, रात्री सेल काढून ठेवा. आणि गप्प हसणाऱ्या माणसासमोर जीभ सांभाळा. मालकांनी माफ केलं असेल. तो त्यांचा स्वभाव होता. मशीनला स्वभाव नसतो. थोरला मला रोज कानात घालतो, आणि माझा आवाज मोठाच असतो.