लेखावरचं पहिलं नाव

सकाळची नेहमीचीच घाई होती. सासूबाई भाजी निवडत होत्या, एकेकाळी याच विषयात संशोधन केलेले सासरे खिडकीशी चहा पीत बसले होते, आणि मुलगा नि सून एकमेकांना घाई करत दोघंही उशीर करत होते. दोघं एकाच संस्थेत, एकाच खोलीत काम करत. नव्या सिरॅमिकमधले इलेक्ट्रॉन कसे वागतील, याचं गणित संगणकावर मांडायचं, हे त्यांचं काम. चार धातू आणि ऑक्सिजन यांची भट्टीत भाजलेली चकती वीज जाऊ देईल की अडवेल, हे भट्टी पेटवण्याआधी कळलं तर पुढची किती तरी मेहनत वाचते.

मुलाचं गणित मात्र कायम एकच सांगे: वीज वाहणार. आणि प्रयोगशाळेतली चकती वीज काही जाऊ देत नव्हती. "चकतीच नीट भाजलेली नाही," असं तो सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे.

त्या दिवशी संस्थेत सून म्हणाली, "अरे, तू दर वेळी जुन्याच मांडणीवरून सुरुवात करतोस. प्रत्येक धातूचा अणू म्हणजे एक छोटं चुंबक, आणि तू सगळी एकाच दिशेला ठेवतोस. शेजारचं उलटं ठेवून बघ ना."

"बाबांनी घालून दिलेली मांडणी आहे ती. आजवर कधी अडलं नाही."

"साध्या पदार्थांना नाही अडलं. हा साधा नाही."

तो हसला आणि आपल्या कामाला लागला. तिने मग स्वतःच मांडणी बदलून गणित चालवलं. उत्तर आलं तेव्हा वीज अडत होती. चकती पहिल्यापासून खरंच बोलत होती.

अशा वेळी कुणालाही आनंद व्हावा. त्याला झाला नाही. दुपारभर तो तिच्या गणितात चूक शोधत बसला, आणि सापडली नाही म्हणून त्याचा चेहरा पडला. त्यातच विभागप्रमुख चहाला म्हणाले, "बाईंनी कोडं सोडवलं म्हणायचं." तो मान डोलवून हसला खरा, पण चहा अर्धाच टाकून उठला. बायको हुशार असावी, असं त्याला लग्नाआधीपासून वाटत होतं. आपल्यापेक्षा असावी, असं कधीच वाटलं नव्हतं.

लेख लिहून झाला त्या संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. "लेख माझ्या नावाने जाईल. शेवटी आभारात तुझा उल्लेख करतो."

"गणित मी केलंय."

"आणि मी इतके दिवस मेहनत घेतली ती कशासाठी? तू एक गोष्ट उलटी फिरवलीस, एवढंच."

"तीच तर चुकत होती. तुझी मेहनत मी नाकारत नाही, दुसरं नाव तुझंच."

सासूबाईंनी डाव भांड्यात आपटला. "आमच्यात नाव पुरुषाचंच लागतं. यांच्या प्रबंधाची आकडेमोड मी केली होती. आभारात नुसतं 'पत्नी' असं छापलंय. माझं काही बिघडलं का?"

बिघडलं होतं, फार बिघडलं होतं. सुनेचं नाव छापून येणार, हे मुलापेक्षाही त्यांच्याच डोळ्यांत जास्त खुपत होतं. मला मिळालं नाही ते हिला का मिळावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ज्या रूढीने आपल्याला गिळलं, तिचीच राखण बायका करत बसतात, ती बहुधा याच हेव्यापोटी.

"मग माझं नाव घालूच नकोस," मुलगा म्हणाला. "बायकोच्या मागे उभं राहणाऱ्यांतला मी नाही."

"उद्या सकाळी लेख संशोधन-पत्रिकेकडे पाठवतेय. पहिलं नाव माझं. तुझं खोडायचं असेल तर तू स्वतः खोड, मी खोडणार नाही." सून शांतपणे बोलली, पण तिच्या हातातला घास तसाच राहिला होता. मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, ती आकडेमोड तुमची होती, हे बाबांना आठवतं का?"

इतका वेळ खाली मान घालून जेवणारे सासरे थांबले. "आठवतं की. नुसती आकडेमोड नव्हती. मी जिथे अडलो होतो, ते हिनेच सोडवलं."

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग एवढ्या वर्षांत कधी बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

मुलगा ताटावरून उठून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. ताटं उचलताना सासूबाई सुनेला म्हणाल्या, "मला तुझा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू? पण उद्यावर ढकलू नकोस. आत्ता पाठव, माझ्यासमोर."

वाचकहो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी कामावर दुसऱ्याचं नाव लागलेलं असेल, आणि ते तुम्हाला चांगलं माहीत असेल. कुणी विचारायची वाट बघताय का?