कुलूप लावलेली पुस्तकं

मित्रांनो, मी पाचवीच्या वर्गातलं जुनं कपाट बोलतोय. फिलिपिन्समधल्या समार बेटावरच्या कोळीवाडीत ही शाळा आहे. सदतीस वर्षं मी एकाच भिंतीला पाठ लावून उभा आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, माझ्याकडे ती नाही.

मला नेस्तोर सुताराने घडवलं. तो होड्या बांधायचा, त्याची दोन मुलं या शाळेत होती. होडीसारखे त्याने माझे सांधे पक्के केले, म्हणून एका वादळात छप्पर उडालं तरी मी टिकलो. तेव्हा मला दारं नव्हती. पोरं यायची, पुस्तक ओढायची, सुक्या मासळीच्या हातांनी पानं उलटायची. पुस्तकं फाटायची, वास मारायची, पण वाचली जायची. माझे सुखाचे दिवस तेच.

मग सुधारणा सुरू झाल्या. दर दोन-तीन वर्षांनी नवीन योजना आणि नवीन खोकी. एकदा हुकूम आला की पोरांना घरच्या बोलीत शिकवा. पुस्तकं आली ती शेजारच्या बेटाच्या बोलीतली, आणि ती पोचेपर्यंत हुकूमच बदलला. प्रत्येक खोक्यावर वर्गशिक्षिकेची सही लागायची. पुस्तक हरवलं तर जबाब तिचा.

आमच्या एस्तेर बाईंनी एकदा पोरांना पुस्तकं घरी नेऊ दिली. भरतीचं पाणी वस्तीत शिरलं आणि अकरा पुस्तकं वाहून गेली. बाई आठ महिने खुलासे लिहीत होत्या. शेवटी त्यांनी नेस्तोरकडून मला दारं बसवून घेतली, दारांवर मोठी अक्षरं रंगवली आणि वर कुलूप घातलं. मी त्यांना दोष देत नाही. देतो, खरं तर. पण त्या सह्या मागणाऱ्यांना जास्त देतो.

पुढे त्यांच्या वर्गात रोविलिन आली. खेकडे धरणाऱ्याची लेक, हिशेबात तरबेज, पण वाचनाच्या नावाने शून्य. चौथीपर्यंत प्रत्येकाने तिला पुढे ढकललं होतं, कारण मूल मागे ठेवलं की शिक्षकाच्याच मागे कागदांचं शुक्लकाष्ठ लागायचं. बाईंनी मात्र हट्टाने शेवटचा तास तिच्यासह सहा पोरांसाठी राखून ठेवला. कुलूप उघडायच्या, पुस्तकं काढायच्या, पोरं जायच्या आत मोजून परत ठेवायच्या. तीन महिन्यांत रोविलिन बोट ठेवून अक्षरं जुळवायला लागली. अडखळायची, पण वाचायची. मला वाटलं, सुटली पोर.

तेवढ्यात जिल्ह्याहून फर्मान निघालं. यंदा एकाही शाळेत न वाचणारं मूल दिसता कामा नये, तपासायला साहेब येतील. साहेब येणार म्हटलं की आमच्या शाळेची रीत ठरलेली होती. त्या दिवशीचा धडा आधी दहादा करून घ्यायचा. उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. साहेबांना सगळेच हात वर दिसायचे. या वेळी मुख्याध्यापकांनी परीक्षेचा उताराही आधीच मिळवला. वाचनाच्या तासाला घोकंपट्टी सुरू झाली.

रोविलिन म्हणाली, "बाई, मी आता थोडं थोडं वाचते की. तेच वाचून दाखवू का साहेबांना?"

बाईंनी उताऱ्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "नको गं. तू अडखळलीस तर मला तुझं नाव न वाचणाऱ्यांत लिहावं लागेल. एवढ्या वेळेला पाठ कर. पुढच्या वर्षी आपण नीट वाचू."

रोविलिनने उतारा घडाघडा म्हटला. तिचं बोट भलत्याच ओळीवर होतं. साहेब फोटो काढणाऱ्याकडे बघत होते. शाळेला शाबासकीचं पत्र मिळालं. आणि न वाचणारं कुणी उरलंच नाही म्हटल्यावर वाचनाचा तास हवा कशाला? तो बंद केला. त्या वेळात बाई अहवाल भरू लागल्या. रोविलिन सहावीत गेली आणि वर्षभरात शाळा सोडून बापाबरोबर खेकडे धरू लागली.

याला वीस वर्षं झाली. बाई यंदा निवृत्त होतील. परवा, शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात, नेहमीप्रमाणे पालक डागडुजीला आले. त्यांत रोविलिनही होती. तिची मुलगी आता पाचवीत येतेय. माझ्या दारांवरची अक्षरं पुसट झाली होती, ती गिरवायचं काम बाईंनी तिला दिलं. जीभ दातांत धरून तिने एकेक रेघ गिरवली, कुठे थेंब ओघळू दिला नाही. मग मागे सरकून खुशीत म्हणाली, "छान जमलंय ना, बाई? पण लिहिलंय काय?"

बाईंनी खाली बघत वाचून दाखवलं, "या, पुस्तक घ्या."

मित्रांनो, आत सगळी पुस्तकं शाबूत आहेत, मोजून घ्या हवं तर. रोविलिनची मुलगी सोमवारी या वर्गात बसेल. त्याआधी कुणीतरी येऊन हे कुलूप तोडा.