तापल्या लोखंडाची पट्टी

खिडकीखालच्या बाकावर तीन पटाशा होत्या, दोन कानशी, एक गुण्या, चहाचे दोन रिकामे ग्लास आणि दोन पट्ट्या. एक पट्टी पोलादी, कडा झिजून गुळगुळीत झालेली, गौसचाचांची. दुसरी प्लॅस्टिकची, वर्षाराणीच्या कंपासपेटीतली. तिने दोन्हींची शून्यं जुळवली. तिच्या पट्टीवर शंभर मिलिमीटर झाले तेव्हा चाचांच्या पट्टीवर नव्याण्णवच भरले होते.

म्हाताऱ्या माणसाची जुनी पट्टी, तिला वाटलं. सांगून कशाला वाईट वाटू द्यायचं? ती आपली पट्टी घेऊन कामाला लागली.

शाळेने नववीच्या मुलांना पंधरवडाभर कामं शिकायला पाठवलं होतं. कुणी बेकरीत गेलं, कुणी रोपवाटिकेत. वर्षाराणीने उद्यमनगरातलं गौसचाचांचं हे पॅटर्नचं दुकान निवडलं. इथे यंत्राचा भाग आधी लाकडात घडवतात. शेजारच्या फौंड्रीत तो वाळूत दाबून अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. तिच्या वाट्याला पंपाचं गोल झाकण आलं होतं, शंभर मिलिमीटर व्यासाचं.

"ओतून मापात आलं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत," चाचा म्हणाले होते, "तर दिवाळीच्या सुट्टीत ये शिकायला. न्हाय आलं तर घरात करंज्या लाट."

तिला यायचं होतं. शाळेत सगळे विषय तिला सारखेच जमत आणि एकही तिला हाक मारत नसे. इथे सागाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत राही, आणि लाकूड घासता घासता तिला लाकूड दिसेनासं होई. दिसे ती वाळूतली पोकळी. अजून नसलेल्या वस्तूने आधीच धरून ठेवलेली जागा.

ओतणीच्या दिवशी सकाळी चाचांनी तिचं झाकण आपल्या पट्टीवर ठेवलं.

"नव्याण्णव? कशानं मापलंस गं?"

"माझ्या पट्टीनं. तुमची चुकतीय, चाचा."

फौंड्रीतून पॅटर्न न्यायला आलेला मुजम्मिल दारातच हसला. "चाचा, जल्मभर चुकलायसा म्हणं तुमी."

चाचा हसले नाहीत. "लोखंड निवलं की आकसतंय, पोरी. शंभराला एक. तेवढं आधीच वाढवून ही पट्टी केलेली हाय. मी सांगितलं न्हाय व्हय तुला?"

"न्हाय."

"मग माझी बी चूक. आमच्या घरातली पोरं हितंच रांगली. हे सांगावं लागतंय, ते ध्यानातच आलं न्हाय."

"दुपारी ओतणी हाय," मुजम्मिल म्हणाला. "नवं कधी करणार? पुढची ओतणी हिची शाळा सुरू झाल्यावर."

वर्षाराणी पोलादी पट्टीकडे बघत राहिली. ही पट्टी आत्ताचं माप सांगतच नव्हती. निवल्यावर काय उरेल ते सांगत होती. तिला वाटलं, कुणी या पट्टीने अख्खं कोल्हापूर आखलं असेल तर? रंकाळ्याचा काठ, मंगळवार पेठेतला तिच्या घराचा जिना, जिन्यावर वाळत घातलेली तिची ओढणी, सगळं शंभरात एकाने मोठं, अजून गरम, हळूहळू आपल्या मापाकडे निघालेलं. कुणाला घाई नाही. शंभरात एक. तिने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चाचा, अर्धा मिलिमीटर जाडीचं काय हाय?"

"दारावर चिकटवायची लाकडाची पापुद्र्यागत पट्टी हाय की. कशाला?"

"कडेला गोल फिरवून लावते. हिकडनं अर्धा, तिकडनं अर्धा."

चाचांनी सरसाची डबी तिच्यापुढे सरकवली. तिने पट्टी ओली करून वाकवली, चिकटवली, दोरीने आवळली. सरस वाळल्यावर जोड घासून पॉलिश मारलं.

"झाकणाला फेटा बांधला बघा पोरीनं," मुजम्मिल म्हणाला, पण नेताना पॅटर्न दोन्ही हातांत धरून नेला.

दुपारी लोखंड ओतलं गेलं. ती आखलेल्या रेषेमागे उभी होती. उसाच्या रसासारखी धार संथ वाहिली, वाळूत शिरली आणि दिसेनाशी झाली. वाळूवर निळसर ज्योती थोडा वेळ नाचल्या. आत काहीतरी आकसत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी झाकण वाळूतून काढून, घासून बाकावर ठेवलेलं होतं, काळसर आणि गार. चाचांनी व्हर्निअर तिच्या हातात दिला.

"तूच बघ. मोठ्यानं सांग."

तिने जबडे कडेला टेकवले, उजेडाकडे वळली आणि रेघा जुळेपर्यंत थांबली.

"शंभर पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर."