दात नसतानाची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी बाही आहे. डावी. माझा शर्ट आता हयात नाही.

तो आजोबांचा होता. ते पोस्टात कारकून. आयुष्यभर टेबलावर घासून घासून मी इतकी मऊ झाले, की नातू झाल्यावर सुनेने मलाच कापून घेतलं. उकळलं, वाळवलं आणि कामावर रुजू केलं. बाळाचं दूध पिऊन झालं, की ओली होऊन तिच्या बोटाला गुंडाळून घ्यायचं आणि त्याच्या हिरड्या पुसायच्या. माझी जुळी बहीण उजवी कपाटात बेकार पडून होती.

"दात नाहीत आणि दात घासतेस?" आजोबा हसले. "उद्या टकलाला कंगवा आणशील!"

"तुमच्या खिशात आहे की, बाबा."

आजोबांनी खिसा चाचपला आणि विषय बदलला.

पुढे लाळेचा पूर आला. साहेबांनी (आजोबा नातवाला साहेबच म्हणत) मला चावलं, खुर्चीला चावलं, आजोबांच्या नाकाला चावलं. मग पुढचे चार दात आले. तेवढ्यात आईची रजा संपली आणि साहेब आजोबांच्या ताब्यात आले.

आजोबांचा शब्दांवर फार विश्वास. "दुधाचे दात म्हटल्यावर त्यांना दूधच लागणार," असं म्हणत ते दुपारी साहेबांच्या तोंडात बाटली ठेवूनच त्यांना झोपवत. मला बढती मिळाली. मी चष्मा पुसू लागले.

एका रविवारी आईने साहेबांचा वरचा ओठ उचलला. दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ होती.

"कीड लागायची ही सुरुवात," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून खड्डा नाही, सावरता येईल. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं बंद. मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट."

"पण हे दात पडणारच ना?" आजोबा पुटपुटले.

"आजोबा, बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकता ना? दुधाचे दात म्हणजे तो रुमाल. पक्का दात येईपर्यंत उचलायचा नाही."

कापडाची इतकी स्तुती मी कधीच ऐकली नव्हती. घरी आल्या आल्या आजोबांनी मला स्वतः उकळलं आणि कपाट उघडलं.

आता ते आणि साहेब आरशासमोर एकत्र बसतात. दात आलेत तिथे ब्रश, यायचेत तिथे मी. मग आजोबा कवळी काढून स्वतःच्या हिरड्या पुसतात. उजवीने. रेघ पुढे सरकलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं बोळकं असेल, तर दातांची वाट पाहू नका. आजपासून पुसा, अधूनमधून ओठ उचलून बघा. आणि जुन्या बाह्या जपून ठेवा.

उजवी माझ्याशी बोलत नाही. मला साहेब मिळाले, तिला कारकून.